तीन दिवसांत निकालात काढलेले शिआन

भारत आणि चीन यांच्यातली थेट विमानसेवा २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली, तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यात चीनच्या सहलींच्या गोष्टी निघू लागल्या. गेल्या महिन्यात माझे मावसभाऊ, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, आठ दिवसांची सहल करून पुण्याला परतले. त्यांतले तीन दिवस ते शिआनमध्ये होते, आणि मी या गावात नऊ वर्षे राहतो आहे. परतताच त्यांनी घरच्या व्हॉट्सॲप गटावर निकाल दिला: शिआनमधले, प्राचीन सम्राटाच्या थडग्यापाशी पुरलेले मातीचे सैनिक तेवढे अस्सल, बाकी सारे नव्याने बांधलेले आणि नकली, आपले गड पडके असतील, पण खरे आहेत. त्यावर काकांनी लिहिले की, आपणही राजगड शिआनच्या तटासारखा बांधून काढावा आणि त्यावर सायकली फिरवाव्यात. आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेल्यापासून हा वाद घरोघरी चालू आहे हे मला माहीत आहे. त्या वादात दोन्ही बाजूंनी माझ्या गावाला साक्षीला ओढले आणि दोघांनीही चुकीची साक्ष काढून घेतली, याचा मला राग आला.

दादांना अस्सल वाटलेल्या सैनिकांपासूनच सुरुवात करतो. १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना जे सापडले ते बहुतेक तुकडेच होते. आज रांगेत उभा दिसणारा जवळजवळ प्रत्येक सैनिक त्या तुकड्यांतून जोडून काढलेला आहे, आणि उत्खननाच्या पहिल्या खड्ड्याच्या मागच्या टोकाला हे काम अजूनही चाललेले दिसते. जोडलेला सैनिक अस्सल आणि डागडुजी केलेला तट मात्र नकली, हा कुठला न्याय? शिआनचा तट चौदाव्या शतकात मिंग राजवटीने उभारला, तो मुळात कुटलेल्या मातीचा होता आणि विटांचे आवरण त्यावर १५६८ मध्ये चढले. म्हणजे दुरुस्ती हा त्याच्या आयुष्याचाच भाग आहे. बीजिंगने आपला तट रस्त्यांसाठी आणि मेट्रोसाठी पाडला, शिआनचा जवळजवळ चौदा किलोमीटरचा घेर मात्र राहिला, आणि १९८३ पासून त्याची मोठी दुरुस्ती होऊन खंदकाकाठी बाग झाली. जुन्या बौद्ध पॅगोडाजवळचा दिव्यांचा, थांग राजवटीच्या धाटणीचा रस्ता आजकालचा आहे हे मी मान्य करतो. पण दादांनी तोच रस्ता पाहून सगळ्या गावाला नकली ठरवले. काकांना एवढेच सांगतो की सपाटीवरच्या गावाच्या वेशीचा आणि राजगडाच्या संजीवनी माचीसारख्या डोंगरधारेवरच्या बांधकामाचा हिशेब एक नाही.

खंदकाकाठच्या बागेत सकाळी सातला म्हातारी माणसे थर्मास घेऊन जमतात आणि छिनछ्यांग, म्हणजे इथल्या संगीत नाटकातली गाणी, गातात. आवाज इतका चढा असतो की तो खंदकापलीकडे ऐकू येतो. कोणी आले-गेले तरी गाणे थांबत नाही. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचेही असेच असे. दादांची बस साडेआठला हॉटेलातून निघे, त्यामुळे त्यांना यातले काहीच दिसले नाही.

त्यांची दुसरी तक्रार अशी की शाकाहारी माणसाला इथे खायला काही मिळत नाही. टूर कंपनी त्यांना रोज रात्री भारतीय जेवणाला नेत असे आणि दुपारी ते घरून नेलेले लाडू-चकल्या खात. माझ्या घराखालच्या टपरीवरच्या बाई ल्यांगफी, म्हणजे गव्हाच्या चिकाच्या थंड पट्ट्या, करतात. कणीक मळून ती पाण्यात धुवायची, पाणी निवळू द्यायचे, तळाशी बसलेला चीक ताटल्यांत वाफवायचा आणि त्याच्या पट्ट्या कापून त्यावर व्हिनेगर आणि तिखटाचे तेल घालायचे. पहिल्यांदा मी तो तळाशी बसलेला पांढरा चीक पाहिला, तेव्हा उन्हाळ्यात कुरडया घालणारी आई डोळ्यांपुढे आली आणि मी हातातला डबा घेऊन तसाच उभा राहिलो. दादा या टपरीवरून दोनदा गेले होते.

प्रवाशाने मत देऊ नये असे मी म्हणत नाही. सातव्या शतकात याच गावातून निघालेला युआन श्वांग, आपला ह्युएन त्संग, महाराष्ट्रात आला होता. इथली माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत, असे त्याने लिहिले. ते आपण शाळेपासून अभिमानाने सांगत आलो आहोत, पण तो आपल्याकडे किती दिवस राहिला हे कधी विचारत नाही. त्याने भारतातून आणलेल्या ग्रंथांसाठी ६५२ मध्ये जो पॅगोडा बांधला, त्याच्यापुढे दादांनी काढलेले फोटो गटावर आहेत. फोटोंखाली फक्त ‘गर्दी फार’ असे लिहिले आहे.

उत्तर देताना मी लिहून गेलो की आमच्या तटाला नकली म्हणू नका. दादांनी विचारले, ‘आमच्या म्हणजे कोणाच्या?’ त्यांचा प्रश्न रास्त आहे. तटावरून मी सायकलने असंख्य फेऱ्या मारल्या आहेत, आणि राजगड चढून मला चौदा वर्षे झाली. इथे फळवाल्याचा मुलगा मला अजून परदेशी काका म्हणतो, पुण्यात उतरलो की पहिला प्रश्न परत कधी जाणार हा असतो, आणि गडांविषयी घरच्यांना शहाणपण शिकवताना माझा आवाज चढतो तो कदाचित यामुळेच. मी दादांना अजून उत्तर दिलेले नाही.

यंदा आईने पाठवलेल्या कुरडयांतल्या चार मी टपरीवरच्या बाईंना नेऊन दिल्या. त्यांनी एक उलटसुलट करून पाहिली, मोडून वास घेतला आणि हा आपलाच चीक आहे असे म्हणून कढई चुलीवर ठेवली.