येशूच्या तोंडी आपला शब्द घालू नका

आज सकाळी सात वाजता आईच्या मोबाईलवरून एक व्हिडिओ आला. पांढरा झगा, खांद्यावर लाल शाल, लावलेली दाढी, मागे समुद्र. तो माणूस सरळ कॅमेऱ्यात बघून सांगतोय, "लेकरा, मी येशू बोलतोय. पुढे जाऊ नकोस. तुझ्या घरातला आजार मी आज काढून टाकतोय, फक्त आमेन लिही आणि अकरा जणांना पाठव." आणि आईने पाठवला. अकरा जणांना. तिचं वय ७८, डोळ्यांना नीट दिसत नाही, एकेक नाव शोधून पाठवायला तिला पाऊण तास तरी लागला असेल. घरातला आजार म्हणजे माझी मावशी, तिचं डायलिसिस चालू आहे.

हे कुणी बाहेरच्याने टवाळी म्हणून केलेलं नाहीये. आपल्याच ख्रिस्ती माणसांनी केलंय, खाली बायबलचं वचन, प्रार्थनेसाठी फोन नंबर, सगळं आहे. म्हणून जास्त राग आलाय.

माझे बाबा येशू झाले होते. १९८६, गुड फ्रायडे, वसईतल्या आमच्या गावची जिवंत क्रुसाची वाट, म्हणजे येशू क्रूस घेऊन मरायला गेला ती वाट गावातलीच माणसं करून दाखवतात ती. मी अकरा वर्षांची. झगा आईनेच मांजरपाटाचा शिवलेला, टोप नाटकवाल्यांकडून भाड्याने आणलेला, क्रूस आमच्या वाडीत पडलेल्या आंब्याच्या लाकडाचा, चांगलाच जड. मुकुट बोरीच्या काट्यांचा. आदल्या रात्री आई कात्री घेऊन एकेक काट्याचं टोक बोथट करत बसली होती, तरी एक राहिलाच आणि कपाळात घुसला. पण खरी तयारी चाळीस दिवस आधी सुरू झाली होती. शेजारच्या काकांशी विहिरीच्या पाण्यावरून तीन वर्षं बोलणं बंद होतं. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपासाचे चाळीस दिवस सुरू होतात त्या दिवशी, चर्चमध्ये कपाळावर लावलेली राख तशीच ठेवून बाबा त्यांच्या ओटीवर गेले आणि म्हणाले, "मला यंदा क्रूस घ्यायचाय, तुझ्याशी अबोला ठेवून कसा घेऊ?"

त्यामुळे येशूचं रूप घेणंच चूक आहे असं मी म्हणत नाहीये, कृपा करून कमेंटमध्ये ते सुरू करू नका. देव माणूस झाला यावर तर आपला सगळा विश्वास उभा आहे, मग माणसाने त्याची गोष्ट माणसाच्या अंगाने सांगितली तर बिघडलं कुठे. सिनेमाने लोकांचं भलं झालंय हेही मान्य. १९७८ चा तो तेलुगू सिनेमा, आपल्याकडे 'दयासागर' म्हणून माहीत असलेला, गावोगावी पडदा बांधून दाखवला गेला आणि लोक तो बघून रडले. आपल्या दादासाहेब फाळक्यांनीसुद्धा मुंबईत ख्रिस्ताचं चरित्र पडद्यावर बघितलं, आणि बघता बघता त्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहिले, तिथून पुढे १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'. ठीक आहे. सगळं मान्य.

पण ते गोष्ट सांगत होते. हा माणूस गोष्ट सांगत नाहीये, हा म्हणतोय मीच तो, आणि आता माझं ऐक.

त्या दिवशी वाटेत एका ठिकाणी बाबांचं वाक्य होतं, "यरुशलेमच्या कन्यांनो, माझ्यासाठी रडू नका." फादरांनी शुभवर्तमानातली वाक्यं कागदावर लिहून दिलेली, बाबांनी पाठ केलेली, पण उन्हाने आणि वजनाने ते वाक्य आठवेचना. बाबा नुसते उभे राहिले, त्या बायकांकडे बघत, कितीतरी वेळ. मला आठवतंय मागून कुणीतरी कुजबुजलं, काहीतरी बोल रे, काहीही बोल. बोलले नाहीत. नंतर आईने विचारलं तर म्हणाले, "विसरलो तर गप्प राहीन, पण त्याच्या तोंडी माझा शब्द घालणार नाही." आठवी शिकलेला केळी विकणारा माणूस. त्याला जे कळलं ते आजच्या स्टुडिओवाल्यांना कळत नाही?

कुणीतरी म्हणेल, मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, भाकर हातात घेऊन फादर नाही का म्हणत, "हे माझे शरीर आहे", येशूच्याच जागी उभं राहून? हो, म्हणतात. पण ते शब्द त्याचेच आहेत, फादर त्यात पदरचं काही मिसळत नाहीत.

जर्मनीत ओबरआमरगाऊ म्हणून गाव आहे. १६३३ मध्ये प्लेगने माणसं जात होती तेव्हा गावाने नवस केला, १६३४ ला येशूच्या दुःखभोगाचं पहिलं नाटक झालं आणि अजून साधारण दर दहा वर्षांनी होतं, करोनामुळे २०२० चं २०२२ ला झालं. नट सगळे गावचेच, आदल्या वर्षीच्या राखेच्या बुधवारपासून केस-दाढी वाढवायला सुरुवात करतात. वर्षभर तो माणूस तसाच कामावर जातो, दुकानात जातो. हे वाचल्यावर मला बाबाच आठवले. अर्थात तिथेही सगळं पवित्र होतं असं नाही. त्या नाटकात ज्यू लोकांना इतकं वाईट रंगवायचे की पुढे संहिता बदलत जावी लागली, हिटलर १९३४ ला जाऊन बघून आला होता. म्हणजे नवस खरा असूनसुद्धा माणूस आपला द्वेष त्या पवित्र गोष्टीत घुसवतो, मग जिथे नवस नाही, उपास नाही, फक्त शेअर वाढवायचेत तिथे काय काय घुसवेल?

आणखी एक सांगते, हे मी आजवर लिहिलं नव्हतं. त्या दिवशी वेरोनिका, म्हणजे वाटेत येशूचं तोंड पुसणारी बाई, झालेली मुलगी रुमाल घेऊन पुढे यायच्या आधीच गर्दीतून एक म्हातारी आली, तांबडं लुगडं नेसलेली, नाटकात नव्हतीच ती. तिने पदराने बाबांचं तोंड पुसलं. घाम, धूळ, कपाळावरचं रक्त, सगळं. संध्याकाळी बाबा टोप काढून विहिरीजवळ बसले होते, जेवायला येईनात. मी बोलवायला गेले तर म्हणाले, "ती माझं तोंड पुसत नव्हती गं. मी मध्येच उभा होतो." परत कधी येशू झाले नाहीत. गावाने दोनदा विचारलं तरी.

दुपारी आईकडे गेले. चिडूनच गेले होते, खरं सांगते. म्हटलं, आई, तुला कळलं नाही का तो नट आहे? ती म्हणाली, "कळलं गं. पण त्याचं नाव घेऊन मागितलं त्याने. त्याच्या नावाने मागितल्यावर मी नाही कसं म्हणू?"

माझ्या तोंडून शब्दच फुटेना. तिला नाही म्हणता येणार नाही, हे त्या झगा घालणाऱ्याला पक्कं माहीत आहे. त्या म्हातारीच्या पदरापुढे माझ्या बापाला लाज वाटली होती आणि हा त्याच पदराला हात घालतोय! माझ्या मावशीच्या आजाराचा ह्याने शब्द दिलाय, उद्या ती तशीच डायलिसिसला जाईल, मग आईने काय समजायचं, येशूने फसवलं?

आईला मी ते विहिरीजवळचं सांगितलं. तिला माहीतच नव्हतं, बाबा तिच्याकडे कधी बोलले नव्हते. बराच वेळ गप्प बसली. मग पेटीतून तो मांजरपाटाचा झगा काढून दाखवला, मानेपाशी डाग अजून आहे. मला म्हणाली, बाकीच्या दहा जणांचे नंबर लावून दे.

आता मी हे टाईप करतेय आणि ती बाजूला बसून एकेकीला फोनवर सांगतेय, "सकाळचा तो येशू नव्हता गं, पुढे पाठवू नकोस. तू बरी आहेस ना?" सहावा फोन चालू आहे.