आधी लिंक, मग नमस्कार

देवगडात किंवा मालवणात घराच्या माडीवर लॅपटॉप, दोन स्पीकर आणि एक माइक मांडून आपण स्वतंत्र संगीतनिर्माते झाला असाल, तर प्रथम अभिनंदन. आता संगीताचा विचार सोडून द्यावा, कारण यापुढे त्यासाठी सवड मिळणार नाही.

प्रारंभ बायोपासून करावा. निर्माता, संगीतकार, ध्वनिअभियंता एवढे लिहून झाल्यावर गावाच्या जागी मुंबई टाकावी. संध्याकाळनंतर कोकणकन्येत बसल्यास सकाळी तेथे उतरता येते, एवढा संबंध पुरेसा आहे. मग जनसंपर्क. अनोळखी माणसाला नमस्कार करण्यापूर्वी लिंक पाठवावी आणि उत्तर न आल्यास तीच लिंक 'दादा, ऐकलंत का?' या प्रेमळ चौकशीसह पुन्हा पाठवावी. समोरच्याने स्वतःची लिंक पाठविली, तर ती न उघडता 'कडक!' असे कळवावे, कारण त्यानेही आपल्याला तेच कळविलेले असते.

पोस्ट लिहिताना आपल्याकडच्या गाऱ्हाण्याचा आदर्श ठेवावा. देवळातले गाऱ्हाणे साऱ्या गावाच्या वतीने घातले जाते, आपले मात्र केवळ स्वतःच्या वतीने असेल. आणि मागून 'व्हय म्हाराजा' म्हणणारे जे पाचसहा जण जमतील, तेही निर्मातेच असतील व आपले गाऱ्हाणे कधी संपते याची वाट पाहत असतील. श्रोता नावाचा प्राणी या मंडळीत शोधू नये.

आकड्यांकडे मात्र लक्ष हवे. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकले गेले तरच एक स्ट्रीम धरला जातो, आणि २०२४ पासून मागील १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम नसलेल्या गाण्याला रॉयल्टी मिळत नाही. यावर उपाय म्हणून काकूंचा फोन रात्रभर उशाखाली वाजत ठेवावा. असे कृत्रिम ऐकणे पकडले जाते आणि प्रसंगी वितरकाला, म्हणजे आपले गाणे तेथे पोहोचविणाऱ्या कंपनीला, दंडही होतो, पण तोवर आपण आकड्याचा स्क्रीनशॉट टाकलेला असतो. प्लेलिस्टच्या संपादकांकडे गाणे प्रकाशनापूर्वीच, शक्यतो किमान ७ दिवस आधी, सुचवावे लागते. आपण चतुर्थीच्या आदल्या रात्री, घरात मोदकांचे सारण शिजत असताना आणि चाकरमानी दारात उतरत असताना गाणे चढवावे, व नंतर संपादकांच्या मुंबईकर वृत्तीवर सविस्तर लिहावे. संगीत कंपनीच्या करारावर तो न वाचताच सही करावी. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला संरक्षण दिले आहे खरे, परंतु कायदा वाचत बसल्यास रील कोण करणार?

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे: डबलबारी भजनाला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याला, किंवा दशावताराला चुकूनही जाऊ नये. तेथे शेकडो माणसे पहाटेपर्यंत, कोणी लिंक पाठविलेली नसताना, मांडी घालून ऐकत बसलेली असतात, हे दृश्य आपल्या व्यवसायाला मारक आहे. शिवाय चहाच्या टपरीवर पखवाजवाल्याशी गप्पा होऊन ध्वनिमुद्रणाचे काम गळ्यात पडण्याचा धोका असतो. सर्वांत वाईट म्हणजे अनेकदा तेथे रेंज नसते. आणि अशा वेळी एखाद्या बुवांनी 'तुजा कायतरी आयकव बघुया' असे म्हटले, तर पूर्ण झालेले गाणे जवळ असावे लागते.