फ्रिजमधलं आईचं दूध ‘फाटलं’ म्हणून ओतून देऊ नका

‘पंपाने काढलेलं दूध फ्रिजमध्ये फाटतं, वर पिवळट थर आणि खाली निळसर पाणी उरतं, ते बाळाला देऊ नका,’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. वर येते ती साय. आईचं दूध होमोजिनाइज केलेलं, म्हणजे स्निग्धांशाचे कण बारीक करून एकजीव केलेलं नसतं, त्यामुळे स्निग्धांश वर तरंगणारच. बाटली कोमट पाण्यात ठेवून हलकेच गोल फिरवा, थर मिसळतात. मायक्रोवेव्ह मात्र नको. दूध कुठे गार, कुठे कढत राहतं आणि बाळाचं तोंड भाजतं.

साबणासारखा वास आला तरी घाबरू नका. दुधातलंच लायपेज हे विकर (एन्झाइम) स्निग्धांश फोडतं, म्हणून तो येतो. आंबूस वास आला, तर टाकून द्या.

पाहायचं ते घड्याळ: ताजं दूध 25 अंशांपर्यंत 4 तास, फ्रिजमध्ये 4 दिवस, तेही दारात नव्हे, आत मागच्या बाजूला. विदर्भातल्या मे महिन्यात तो 4 तासांचा हिशेब विसरा, काढलं की थेट फ्रिज. बाळाने उष्टावलेलं दूध 2 तासांत संपवा. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर डॉक्टर सांगतील ती मुदत पाळा.