90 दिवस भरले म्हणून आरोपी आपोआप सुटत नाही

‘अटकेपासून 90 दिवसांत पोलिसांनी चार्जशीट (दोषारोपपत्र) दिली नाही तर आरोपी आपोआप सुटतो आणि केस रद्द होते’ असा मेसेज फिरतो आहे. तपासाला मुदत असते, एवढंच त्यात खरं.

‘90 दिवस’: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187(3) प्रमाणे फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त कैदेच्या गुन्ह्यांना 90, बाकीच्यांना 60. साध्या चोरीच्या प्रकरणात 90 दिवस मोजत बसलेल्याचा महिना फुकट तुरुंगात जातो. यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), मकोकात (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) मुदत 180 दिवसांपर्यंत वाढू शकते.

‘अटकेपासून’: चूक. मोजणी पहिल्या रिमांडपासून, म्हणजे न्यायाधीशांनी पहिल्यांदा कोठडी दिली तेव्हापासून, तो दिवस धरून. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हा वाद मिटवला. 3 मार्चला अटक, 4 मार्चला रिमांड, तर 60 वा दिवस 2 मे. जामिनाचा हक्क मिळतो 3 मे रोजी.

‘आपोआप’: सगळ्यात महाग पडणारा शब्द. डिफॉल्ट जामीन, म्हणजे मुदतीत दोषारोपपत्र न आल्यामुळे मिळणारा जामीन, मागावा लागतो. तोंडी मागणीही चालते, पण शहाणा वकील लेखी अर्ज आधीच तयार ठेवतो, कोर्ट उघडताच देतो आणि पोचेवर वेळ टाकून घेतो. कारण सगळा खेळ आधी कोण पोहोचलं याचा. अर्जाआधी दोषारोपपत्र आलं की हा हक्क गेला. अर्ज आधी पडला आणि तो प्रलंबित असताना दोषारोपपत्र आलं, तर हक्क शाबूत राहतो. उदय मोहनलाल आचार्य विरुद्ध महाराष्ट्र (2001) या निकालाचं सार हेच. इथे गुन्हा किती गंभीर, पुरावा किती भक्कम, हे बघितलं जात नाही. आदेश मिळाल्यावरही कोर्टाने दिलेल्या वेळेत जामीनदार उभा केला नाही आणि तेवढ्यात दोषारोपपत्र आलं, तर जामीन हातचा जातो. मात्र कथित अपहाराची रक्कम आधी भरा, अशी अट या जामिनाला घालता येत नाही (सर्वोच्च न्यायालय, 2020).

‘केस रद्द’: अजिबात नाही. तपास चालू राहतो, दोषारोपपत्र नंतर येतं, खटला चालतो. ते उशिरा आलं एवढ्यावरून मिळालेला जामीन जात नाही. पण त्यातून गंभीर, अजामीनपात्र गुन्ह्याचा भक्कम पुरावा पुढे आला किंवा आरोपीने साक्षीदारांना धमकावलं, तर तो रद्द होऊन पुन्हा अटक होऊ शकते.