हरित अमोनिया गोव्यात करायचा की विकत घ्यायचा?

आमच्या फोंड्याच्या घरच्या ग्रुपवर सध्या हरित अमोनियावरून, म्हणजे सौर-पवन विजेने पाण्यापासून हायड्रोजन काढून केलेल्या अमोनियावरून, जुंपली आहे. भाचा म्हणतो, "मामा, गोव्यात प्रकल्प आला तर थोडे पैसे घालूया." बाबा लगेच नव्वदच्या दशकातलं केरीच्या नायलॉन ६,६ कारखान्याविरुद्धचं आंदोलन काढतात. मी रॉटरडॅममध्ये बसून वाचतो. दोघांचंही अर्धंच पटतं.

बाबांची भीती पोकळ नाही. पाण्यापासून काढलेल्या हायड्रोजनचा असो की नैसर्गिक वायूपासूनचा, अमोनिया विषारीच. २०१८ साली चिखलीत टँकर कलंडला तेव्हा लोकांना झोपेतून उठून घरं सोडावी लागली होती. पण झुआरीनगरचा खत कारखाना १९७० च्या दशकापासून अमोनियावरच चालतो, हेही खरं. म्हणजे गिऱ्हाईक दारातच आहे, आणि या धंद्यात तेच सगळ्यात दुर्मीळ.

भाच्याचं गणित मात्र विजेपाशी अडतं. एक किलो हरित अमोनियाला साधारण १० युनिट वीज लागते. वर्षाला ७५ हजार टन करायचा तर ७५ कोटी युनिट, म्हणजे रात्रंदिवस ८५ मेगावॅट. ती सौर पॅनेलवर काढायची तर दीड-दोन हजार एकर जमीन हवी. कुठला सडा, कुठलं पठार देणार? बरं, बाहेरून वीज आणायची तर छत्तीसगडमधल्या तमनारहून येणाऱ्या वीजवाहिनीवरून मोलेच्या जंगलात काय रामायण झालं ते आठवा. युनिट ४ रुपयांना धरलं तरी किलोमागे ४० रुपये नुसत्या विजेचे.

इकडे उत्तर समुद्रात पवनचक्क्यांची रांग लागली आहे, तरी वीजजोडणीसाठी कंपन्या ताटकळतात. म्हणून रॉटरडॅम बंदराचा भर आयातीवर. जर्मनीच्या आयात योजनेत २०२४ मध्ये इजिप्तच्या अमोनियाला कारखान्याच्या दारात टनाला ८११ युरो दर ठरला, म्हणजे किलोला सत्तर रुपयांच्या पुढे. आपल्याकडे सेकी या सरकारी सौरऊर्जा कंपनीच्या २०२५ च्या लिलावांत किलोला ४९.७५ ते ६४.७४ रुपये निघाले, तेही दहा वर्षांच्या खरेदीच्या हमीसह. भारतात पैसा घालण्यासारखी जागा आहे, फक्त ती ऊन, वारा आणि मोकळी जमीन असलेल्या राज्यांत. गोव्याने मुरगाव बंदरात माल उतरवावा, साठवावा, वापरावा.

भाच्याने प्रकल्पाचा फोटो बघू नये, वीज कोण देणार आणि माल कोण उचलणार याचे करार मागावेत. बाबांचा प्रश्नही त्याने कंपनीला लेखी विचारावा: बंदरातून कारखान्यापर्यंत टँकर की पाइपलाइन, आणि कुठल्या वाड्यावरून?