दुधी फुलपाखरांच्या भरवशावर नाही

‘गच्चीवर झेंडू लावा, वाटीत साखरपाणी ठेवा, दर आठवड्याला कडुनिंबाचं तेल फवारा, फुलपाखरं येतील आणि भाज्या दुप्पट लागतील.’ पावसाळा लागला की आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर हा मेसेज फिरायला लागतो.

फुलपाखरांनी भाज्या लागतात, इथेच पहिली गफलत. लांब सोंडेने मध ओढताना त्यांच्या अंगाला पराग जेमतेम लागतो. मेथी-पालकाची पानंच खायची, तिथे परागीभवनाचा प्रश्नच नाही. टोमॅटो-वांग्याच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, पण पराग नळीत कोंडलेला. काळा भुंगा फुलाला लटकून अंग थरथरवतो तेव्हा पराग टोकाच्या छिद्रातून झडतो. मधमाशीला ही विद्या येत नाही. भुंगे फिरकत नसतील तर फुलाच्या देठाला टिचकी मारा, काम भागतं.

खरी अडचण वेलांची. दुधीचं नर फूल वेगळं, मादी वेगळं. मादी फुलाच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढी, लव असलेली दुधी असते. पराग मिळाला नाही की ती पिवळी पडून गळते आणि आपण खताच्या नावाने खडे फोडतो. हे पांढरं फूल उमलतं संध्याकाळी, फुलपाखरं निजायला गेल्यावर. तेव्हा येतात ते पतंग. तेही आले नाहीत तर दिवेलागणीला नर फूल तोडा, पाकळ्या मागे सारा आणि मादी फुलात अलगद फिरवा. लाल भोपळ्याला हेच सकाळी लवकर, कारण ते फूल दुपारपर्यंत मिटतं.

साखरपाण्याला मुंग्या लागतात, उन्हात ते आंबतं. त्यापेक्षा पसरट थाळीत ओली माती ठेवा. तिच्यातले क्षार चोखायला फुलपाखरं बसतात.

तेलाचा सल्ला सगळ्यात वाईट. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर हात आवरा, ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी असू शकते. वाढली की हिरवीगार होते. तिच्यावर तेल मारायचं आणि वर फुलपाखरांची वाट बघायची? थोडी पानं खाऊ द्या, फोडणीपुरती उरतात. मावा, म्हणजे रस शोषणारी बारकी कीड, फारच माजला तर तेल संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर, फुलं टाळून फवारा.

झेंडू जरूर लावा, पण एकेरी पाकळ्यांचा. गोंडेदार झेंडूत नुसत्या पाकळ्याच. त्याहून कोथिंबीर, मुळा, बडीशेप यांची चार रोपं न उपटता फुलू द्या. तुळशीच्या मंजिऱ्याही लगेच खुडू नका. फुलोरी नावाच्या बारक्या मधमाश्या त्यांच्यावर हमखास दिसतात.

एक गोष्ट मात्र मेसेजात नाहीच. स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिला नंबर मिळवला म्हणून आपण इंदूरकर कुंडीतली वाळकी काडीसुद्धा राहू देत नाही. त्याच काडीला कोष लटकलेला असू शकतो. भुंगा जुन्या बांबूत घर करतो, तर कित्येक एकट्या राहणाऱ्या मधमाश्या उघड्या मातीत बीळ पाडतात. तेवढा एक बांबू आणि न उकरलेला मातीचा कोपरा सकाळच्या कचरागाडीच्या तावडीतून वाचवा.