चौदा पॉइंट चार

घरात जुना ट्रान्सफॉर्मर पडून होता, एसीचं डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर होता, व्होल्टेज अ‍ॅडजस्ट करायचं बोर्ड होतं आणि रविवार होता, आता एवढं सगळं असताना १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीसाठी आयता चार्जर आणायचा म्हणजे आपल्याच हातांचा अपमान. संध्याकाळी मीटर लावला, १४.४ व्होल्ट. चार्जिंगला हवे तेवढे, बरोब्बर! बायकोला मुद्दाम बोलावून आकडा दाखवला. "छान," ती म्हणाली आणि कुकरकडे गेली.

सकाळी बॅटरी १२.१ वरून १२.२. रात्रभरात! फुल बॅटरी १२.७ च्या आसपास असते, म्हणजे या वेगाने दिवाळी उजाडली असती.

मग सुरू झाली शोधमोहीम. फ्यूज बघितला, चांगला. तरी बदलला. टर्मिनलवरची पांढरी बुरशी घासून काढली. ट्रान्सफॉर्मरचा वास घेतला (का घेतात माहीत नाही, पण सगळेच घेतात). रेक्टिफायरमधले चारही डायोड तपासले. आणि दर वेळी क्लिपा बॅटरीवरून काढून मीटर लावला की १४.४, अगदी निरागसपणे. आमच्याकडे एक नातेवाईक आहेत, "काही लागलं तर नुसता फोन करा" म्हणणारे, आणि खरंच फोन केला की गावाला गेलेले असतात, तसंच हे. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे तार केसाएवढी टेकलेली असली तरी त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. काम सांगते ती बॅटरी, तिला खराखुरा करंट लागतो.

हे डोक्यात यायला तिसरा दिवस लागला. क्लिपा लावल्या, चार्जर चालू ठेवला, आता बोर्डवर १४.४ आणि बॅटरीवर १२.२. म्हणजे मधल्या दोन हात वायरीत २.२ व्होल्ट कुणीतरी खातंय. मीटरचे दोन्ही प्रोब एकाच वायरीच्या दोन टोकांना लावत गेलो. काळी वायर, ०.०१. साधी, गुणी. लाल वायर, २.१!

आता लाल वायर मध्येच संपली होती म्हणून मी पुढे निळी जोडली होती, आणि तो जॉइंट माझा सर्वात लाडका, सोल्डर केलेला, वर टेपचे सात वेढे, त्याचा फोटोसुद्धा काढून मेव्हण्याला पाठवलेला. प्लग काढला, टेप सोडवली. सोल्डरचा गोळा काय सुंदर चमकत होता! जरा ओढलं तर निळी तार अलगद हातात. तार पुरेशी तापवलीच नव्हती, सोल्डर तिच्यावर नुसतं बसलं होतं, धरलं नव्हतं.

तार घासली, सोल्डर नीट धरावं म्हणून फ्लक्स लावला, नीट तापवून परत जोडलं. ट्रान्सफॉर्मर पहिल्यांदाच घूंऽऽ करायला लागला. रात्री उशिरा बॅटरीच्या टर्मिनलवर, क्लिपा लावलेल्या असताना, १४.४! मी बायकोला उठवलं.

तिने डोळे किलकिले करून आकडा वाचला. "अरे, हे तर रविवारी पण होतं."